बदामाची पंजी-चौकी

५ मार्च, बुधवार

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पावतीच ती. वर 'ताई' नाही, खाली सही नाही, मधे एक डाव आणि शेवटी 'चुकलं का?' एवढंच. त्याखाली दोन रेघा ओढून ताकीद, की पत्त्यांखेरीज काही लिहायचं नाही, घरचं एक अक्षर दिसलं की कागद फाडून टाकीन. गेल्या वर्षी 'आईला बरं नाही' म्हणून मी तुला भर स्पर्धेतून उठवून आणलं. दोन दिवस गाडीत अवघडून आलास आणि बघतोस तर आई दारात उभी राहून शेजारणीशी भांडतेय. परत गेलास तेव्हा रिकाम्या खुर्चीसमोरच्या, डावावर लावायच्या तुझ्या चिप्स दर फेरीला थोड्या थोड्या कापल्या जाऊन संपल्या होत्या. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. पण ताप होता रे तिला. उतरला, त्याला मी काय करू?

झालं घरचं. आता फाडू नकोस, डावाचं लिहिते.

तुझ्या हातात बदामाची पंजी आणि चौकी. तुझ्या आधी एकाने बोली वाढवलेली, तरी तू आत गेलास. का, तर म्हणे दोन्ही एकाच रंगाची होती. माझे दोन मोजेही एकाच रंगाचे असतात, म्हणून मी काही शर्यतीत धावायला जात नाही. मेजावर सगळ्यांना सामाईक पानांतली पहिली तीन उघडली: बदामाचा राजा, बदामाची नव्वी, किलवरची सत्ती. हातातले आणि मेजावरचे मिळून तुझ्याकडे चार बदाम झाले आणि पाचव्याचं वेड लागलं, एका रंगाची पाच म्हणजे भारी हात. चौथं पान चौकटचा गुलाम, तुझ्या काही कामाचा नाही. समोरच्याने दणकून बोली लावली, तू तीही भरलीस. आणि शेवटचं पान बदामाची दुर्री. आला पाचवा! तू मागेपुढे न बघता सगळं पुढे सारलंस. त्याने पानं उलटी केली तर बदामाचा एक्का आणि राणी. पाच बदाम त्याचेही झाले होते आणि तुझ्याहून मोठे.

तू विचारतोस, नशीबच फुटकं का? नाही. नशिबाने तुला पान दिलं. दिलं नसतं तर थोडक्यात वाचला असतास.

हलक्या पानांच्या मागे लागणाऱ्याच्या वाटेत दोन खड्डे असतात. पहिला कुणालाही दिसतो. चार बदाम जमल्यावर तुझ्या कामाची नऊ पानं उरतात आणि पुढच्या एका पानाला ती पाचांत एकदा लागतात, म्हणजे चारदा तू भरलेलं बुडतं. दुसरा खड्डा मात्र आत पडेपर्यंत दिसत नाही. पान येतं, अगदी हवं तेच येतं, आणि तरी तू हरतोस. पहिल्यात पाय मुरगळतो. दुसऱ्यात माणूस जातो. मनगटं जाईपर्यंत मी मेजामागे बसून पत्ते वाटले आहेत, आणि खुर्ची सोडून उठणाऱ्यांत पान न आलेल्यांपेक्षा पान आलेलेच जास्त पाहिले.

त्या माणसाकडे चिप्स तुझ्यापेक्षा कमी होत्या म्हणून तुझ्या पिशवीत मूठभर तरी उरल्या. पाच आठवड्यांची स्पर्धा, त्यात ही पहिलीच फेरी. या मुठीवर तू येत्या रविवारी बाहेर पडशील असं मला दिसतंय. पडलास तर सरळ घरी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

ताई

७ मार्च, शुक्रवार
(टाकलं नाही)

धाकट्या,

हे पाठवणार नाही, म्हणून घरचं लिहिते.

डॉक्टरीणबाई आज घरी आल्या होत्या. आईला तपासलं, तिच्याशी हसून बोलल्या, मग मला जिन्यात नेऊन म्हणाल्या, "हृदयात जोर उरलेला नाही. औषध आहे, पण ते आता ढकलगाडी आहे. काही आठवडे धरा. मुलगा लांब असतो ना? बोलवून घ्या."

मी हो म्हटलं. आत येऊन कागद घेतला. 'आई फार आजारी आहे, ताबडतोब नीघ' एवढं लिहिलं आणि वाचून पाहिलं. गेल्या वर्षीचंच वाक्य निघालं, शब्दाला शब्द. लांडगा आला रे आला म्हणून ओरडून झालेलं आहे माझं. तू हे फाडशील, नाहीतर दात-ओठ खात येशील. आणि समजा तू दारात असताना आई पुन्हा उठून बसली तर? तिचं सांगता येत नाही. तू मग या घराचं तोंड बघणार नाहीस.

म्हणून मी हिशेब केला, पत्ते वाटणाऱ्या बाईला दुसरं काय येतं. तुझ्याकडे चिप्स मूठभर. तुला दोन हलकी पानं एका रंगाची दिसली की राहवत नाही. म्हणजे रविवारी तू बाहेर, सोमवारी गाडीत, बुधवारी घरात. आपल्या पायांनी आलेला, कुणी उठवून न आणलेला. आई तोवर आहे. डॉक्टरीणबाई आठवडे म्हणाल्या आहेत.

तू हरावंस अशी वाट बघतेय तुझी बहीण. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण पाच दिवसांचाच प्रश्न आहे.

१२ मार्च, बुधवार

धाकट्या,

म्हणजे अजून आहेस. छान.

तुझी तक्रार वाचली. इस्पिकची अठ्ठी-सत्ती माझं ऐकून टाकलीस आणि मेजावर तीन इस्पिक उघडले. 'ताई, मी जिंकलो असतो.' असतास. टाकलेलं पान मेलं, त्याचं सुतक धरायचं नाही. हे शिकला नाहीस तर पुढच्या वेळी हटकून आत जाशील, आणि तेव्हा इस्पिक पडणार नाहीत. मग राजांची जोडी आली आणि चिप्स दुप्पट झाल्या, ते तू एका ओळीत उरकलंस. टाकलेल्या पानावर पानभर आणि जिंकलेल्या डावावर एक ओळ! वर म्हणतोस की रोजच्या बैठकीत तू अशाच पानांवर कमावतोस, मग इथे का नको?

कारण रोजच्या बैठकीत बुडालास तर खिशात हात घालता येतो. स्पर्धेत चिप्स संपल्या की खुर्ची गेली, पुन्हा विकत मिळत नाही. शिवाय पानं बघायच्या आधीच भरावी लागते ती सक्तीची बोली दर थोड्या वेळाने वाढते, सगळ्यांचेच ढीग त्या मानाने लहान होतात, आणि तुझं ते दुर्मीळ पान आलंच तरी समोरच्याकडे तुला द्यायला फारसं उरलेलं नसतं. भरायचं महागात आणि मिळायचं स्वस्तात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

इथल्या पत्त्यांच्या हॉलच्या मागच्या खोलीत बसून मी हल्ली वापरलेले जोड तपासते. बावन्न पानं मोजायची, कोपरे बघायचे, पाठीवर नखाची खूण आहे का ते उजेडात तिरकं धरून बघायचं. काल एका एक्क्याच्या पाठीवर खूण निघाली. जोड कात्रीने कापून टाकला. मालक म्हणाले, तुझ्या हाताला दया नाही.

पुढचं घरचं नाही, पत्त्यांचंच आहे, तेव्हा वाच. आईच्या बोटांत आता पत्ते राहत नाहीत, गळतात. मी एका लाकडी पट्टीला खाच पाडून घेतली आहे, तिच्यात तिची पानं उभी करून ठेवते आणि तोंड फिरवून बसते. ती बोटाने दाखवते, मी पान काढते. दुपारी दोन डाव होतात. हलकं पान असलं तरी टाकत नाही. 'पुढचं बघितल्याशिवाय टाकायचं कसं?' तुझी खोड कुठून आली ते मला ठाऊक आहे. शर्टांची काजं करता करता, पैशांऐवजी बटणं लावून तिनेच शिकवलं आपल्याला, आणि बटणं नेहमी तिचीच संपायची.

ताई

१५ मार्च, शनिवार
(टाकलं नाही)

पट्टीबद्दल तू काहीतरी विचारशील असं वाटतंय. पत्र आज सकाळी तुला मिळालं असणार आणि आता तू रोजच्या बैठकीला बसला असशील.

आईची खाट पुढच्या खोलीत आणली. खाटेच्या उशाशी लोखंडी सिलिंडर आहे, नळी नाकाला लावलेली. तिला नळीचा राग येतो, दर तासाला काढून टाकते. मी परत लावते. काल मला म्हणाली, तू पोलीस आहेस.

तुला अजून ढब्बूच म्हणते. रोज विचारते, "ढब्बूचा डाव संपला का?" मी म्हणते, संपत आलाय. काल मात्र तिने वेगळं विचारलं.

"हरला का तो?"

"नाही गं. चाललाय पुढे."

मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "मग असू दे. मधेच उठवू नकोस त्याला."

हे मी तुला सांगायला हवं की नको, कळत नाही. सांगितलं तर वाटेल आईच्या पदराआड लपतेय. पण ती असं म्हणाली, एवढं खरं. आणि त्यानंतर नळी स्वतःच्या हाताने सरळ केली, हेही खरं. तिला थांबायचं आहे.

मी आज चार वेळा पत्र लिहायला बसले. चारही वेळा वाटलं, उद्या रविवार आहे, उद्या हरेल.

१९ मार्च, बुधवार
(टाकलं नाही)

धाकट्या,

तुझा प्रश्न वाचला. सक्तीची बोली वाढली आहे, तुझ्याकडे दहा-बारा बोलींपुरत्या चिप्स उरल्या आहेत, समोर मोठ्या ढिगाचा माणूस दर डावाला बोली वाढवतो. अशात किलवरची सत्ती-छक्की किंवा तसलं काही हातात आलं तर आत जाऊन पहिली तीन पानं बघावी का?

बिनधास्त जा. मोठ्या ढिगाचा माणूस बेफिकीर असतो, त्याला तुझी सत्ती-छक्की कधी कळायची नाही. तीन पानं बघ. दोन किलवर पडले तर शेवटपर्यंत सोडू नकोस. जमलं तर त्याचा अर्धा ढीग तुझा. आता जपून खेळायची वेळ गेली, छातीने खेळ.

ताई

१९ मार्च, बुधवार

धाकट्या,

तुझा प्रश्न वाचला. उत्तर एका शब्दात: नको.

दहा-बारा बोलींपुरत्या चिप्स घेऊन 'तीन पानं बघू या' हा खेळच उरत नाही. बघायलाच तुझा दहावा हिस्सा जाणार. तीन पानांत तुझं काही जमलं नाही, आणि बहुतेकदा जमत नाहीच, तर टाकून उठावं लागणार. अर्धंमुर्धं जमलं तर त्याहून वाईट, कारण मग तू सोडणार नाहीस. बाजारात तुरी आणि त्यावर घरात मारामारी. मोठ्या ढिगाच्या माणसाला तू हाकलूनही लावू शकत नाहीस, त्याला तुझ्या चिप्स परवडतात.

तुझ्या आधी सगळ्यांनी पानं टाकली असतील आणि बोलणारा पहिला तू असशील, तर तीच सत्ती-छक्की घेऊन सगळं पुढे सार. समोरच्यांना पानं टाकायला लाव. तेव्हा तू धावणारा नाहीस, धावायला लावणारा आहेस. पण दुसऱ्याने वाढवलेल्या बोलीत हलकी पानं घेऊन भरायला जायचं नाही. कधीच नाही. त्यापेक्षा बस. कंटाळा येईल, येऊ दे. बाकीचे आपापसांत भांडून कमी होतील. स्पर्धेत निम्म्या जागा नुसतं बसून वर सरकता येतं, फक्त ते बसणं कुणाला जमत नाही.

खिडकीजवळ बसून लिहितेय. अक्षर हललं असेल तर मनगटामुळे.

ताई

२० मार्च, गुरुवार
(टाकलं नाही)

काल दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही घेऊन पेटीपर्यंत गेले. एक उजव्या हातात, एक डाव्या. खोटं पत्र गेलं असतं तर तू रविवारी खल्लास आणि बुधवारी आईजवळ. ते मला पक्कं माहीत होतं, डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त पक्कं.

पेटीत खरं टाकलं. आई मरतेय हे मी तुझ्यापासून दोन आठवडे लपवू शकते, तोंडातून ब्र काढत नाही. पण सत्ती-छक्की घेऊन आत जा, हे खोटं माझ्या हाताला पेलवलं नाही. एवढे दिवस तू मला एकच गोष्ट विचारतोयस, 'चुकलं का?' त्याचंही खोटं उत्तर दिलं असतं तर आपल्यात उरलं काय असतं?

हे लिहिताना बरं वाटतंय. मोठी तत्त्वाची बाई. आत आईला धाप लागलीय.

२६ मार्च, बुधवार

धाकट्या,

तुझ्या पत्राच्या वर 'ताई' लिहिलेलं पाहिलं. दोनदा पाहिलं.

शेवटच्या मेजावर पोचलास. नऊ माणसं आणि त्यात आपला ढब्बू! तू लिहिलंस की मोठ्या ढिगाचा माणूस सारखा बोली वाढवत होता आणि तू बसून राहिलास, चांगली दिसणारी पानं टाकत राहिलास, आणि तुझ्या डाव्या हाताला बसलेले दोघे एकामागोमाग एक त्याच्या अंगावर गेले आणि उठले. मग तुला एक्क्यांची जोडी आली तेव्हा तो समजला की तू नुसता बसणारा आहेस, आणि फसला. फार छान खेळलास. हे मी कुणाला सहसा म्हणत नाही.

तू विचारतोस, 'आई कशी आहे? त्या पट्टीचं वाचलं तेव्हापासून मनात आहे. काही असेल तर सांग, उठून येतो.'

आई बरी आहे. वयाप्रमाणे चाललंय. थकते, झोपून असते. तू शेवटपर्यंत आलाच आहेस तर डाव संपवून ये. ती तुझी वाट बघतेय, घाई नाही.

शनिवारी लवकर झोप. शेवटच्या मेजावर माणसं दमून चुकतात.

ताई

२७ मार्च, गुरुवार
(टाकलं नाही)

तुझी ताकीद तूच उठवलीस. 'सांग' म्हणालास. आता लांडग्याची गोष्ट सांगायला मला जागा नाही.

मग 'बरी आहे' का लिहिलं? तूच असा हात मला लिहून पाठवला असतास तर मी तुला फाडून खाल्लं असतं. पहिल्या आठवड्यात मी थोडं भरलं. दुसऱ्या आठवड्यात पान आलं नाही, म्हणून आणखी भरलं. तिसऱ्यात आणखी. आता इतकं पुढे सारून बसलेय की हात मागे घेववत नाही. आज तुला बोलावलं तर गेले सगळे दिवस मी फुकट घालवले असं होईल. आईचे आणि तुझे. आणि पाचच दिवस उरलेत. रविवारी शेवट, मंगळवारी रात्री तू इथे. तिला मंगळवारपर्यंत काढता आलं तर कुणाचंच काही बिघडणार नाही. तुला स्पर्धा मिळेल, आईला तू मिळशील, आणि मला तुम्ही दोघं.

मला सगळं हवं आहे, म्हणून मी पुढच्या पानाची वाट बघतेय. डॉक्टरीणबाईंनी आज जिन्यात फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

३१ मार्च, सोमवार

धाकट्या,

हे पत्र पोस्टाचं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवतेय, दगड ठेवून. सोबत न टाकलेली पत्रं तारखेप्रमाणे बांधली आहेत. तुला पाठवलेली तुझ्याकडे असतीलच. मधे घालून वाच, म्हणजे मी एका हाताने काय लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने काय, ते कळेल. तोंडाने मला सांगता येणार नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

आई काल दुपारी गेली.

सकाळपासून ती कुणाला ओळखत नव्हती. अकराच्या सुमाराला जरा डोळे उघडले. नेहमीचं विचारलं नाही. नुसता हात पुढे केला, तळवा वर करून, पत्ते मागायचा तसा. मी तिच्या हातावर हात ठेवला तर तिने तो बाजूला केला. तिला माझा नको होता.

मग मी खाली जाऊन शेजाऱ्यांच्या फोनवरून तुमच्या हॉलला फोन लावला. तिथले चष्मेवाले पंच माझ्या ओळखीचे, पूर्वी आम्ही एका मेजावर काम केलंय. मी नाव सांगितलं. मागे चिप्सचा आवाज येत होता, तो मला झोपेतही ओळखू येतो. ते म्हणाले, "ताई, तिघंच उरलेत आणि तुमचा भाऊ सगळ्यांत पुढे आहे. उठवायचं आहे का त्याला? काही निरोप?"

एवढ्या महिन्यात मला कुणी तोंडाने असं विचारलं नव्हतं. हो म्हटलं असतं तरी तू वेळेवर पोचला नसतास, हे मला तेव्हा कळत होतं. पण फोन तुझ्या कानाला लावता आला असता. वायर लांब आहे, जिन्यापर्यंत येते, दार उघडं ठेवलं असतं तर तू मारलेली हाक तिला ऐकू गेली असती. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं.

मी म्हटलं, "नको. कुठवर आलाय तेवढंच विचारायचं होतं."

वर आले तेव्हा ती होती. त्यानंतर अडीच-तीन तास होती. मी नळी धरून बसले. पट्टी तिच्या उशाशी होती, तिच्यात परवाच्या डावाची पानं तशीच उभी होती. मी ती बघितली नाहीत.

संध्याकाळी पंचांचाच फोन आला. तू पहिला आलास. म्हणाले, पोरगं बक्षिसाच्या फोटोलाही थांबलं नाही, पिशवी उचलून स्टेशनावर पळालं, म्हणत होतं आईला आधी सांगायचं आहे. मी तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सकाळीच का नाही बोललात?" गाडी सुटून गेली होती. तू गाडीत बसून आनंदात येतोयस, आणि तुला कुठल्या स्टेशनावर गाठायचं ते मला माहीत नाही.

तुझ्यासाठी थांबता आलं नाही. आज सकाळी सगळं आटोपलं. शेजारच्या काकांनी केलं. तू असायला हवा होतास.

तू पाच आठवडे मला विचारत होतास, चुकलं का. तुझं एकदाच चुकलं, पहिल्या आठवड्यात. त्यानंतर तू एकही पान चुकला नाहीस. चुकत मी होते, रोज. मला वाटत होतं, पान आलं नाही तर माझं जाईल. पान आलं रे. तू बसायला शिकलास, जिंकलास, मला ताई म्हणालास, घरी यायला निघालास. जे जे मागितलं होतं ते सगळं आलं.

उद्या रात्री तू येशील. पायरीवरचा दिवा लावून ठेवते, तिथे बसून हे वाच. पूर्ण वाच, अर्ध्यावर जिना चढू नकोस. मी आत जागी असेन, पण हाक मारणार नाही. दाराला कडी नाही, नुसतं लोटलंय. आत यायचं की नाही, ते तू ठरव. तुला उठवून आणायचं नाही, असं मी ठरवलंय.

ताई